पाण्याचं विरजण

नकटीच्या अंगाला आजवर काठी ठाऊक नव्हती. ती जन्मली आणि तिची आई गेली, तेव्हा म्हातारीने तिला चुलीशेजारी पोत्यावर निजवून, फडक्याच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. नाक चपटं आणि अक्कल त्याहून चपटी, असं घरातले म्हणायचे. पण म्हातारीची हाक आली की ही म्हैस गोठ्याचं फाटक अंगावर घेऊन बाहेर यायची. तिलाच म्हातारी आज तलावाच्या काठावर झोडपत होती आणि झोडपता झोडपता रडत होती.

"मागे हो! मागे हो म्हणते ना! मरायचंय का तुला?"

नकटीला काही कळत नव्हतं. ऊन तापलं की पाण्यात जाऊन बसायचं, हे तिला याच बाईने शिकवलं होतं. आता तीच बाई वाट अडवून उभी होती. नकटीने मान खाली घातली आणि तिच्या काठीखालूनच पाण्याकडे एक पाऊल टाकलं. मग एक रट्टा नाकावर बसला, तशी ती वळली. गोठ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दिवसभर तिने म्हातारीकडे पाहिलं नाही. म्हातारीनेही त्या दिवशी जेवणाचं ताट दोनदा पुढे ओढलं आणि दोनदा मागे सारलं.

तलाव हिरवा पडला होता. शेवाळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं, दगडावर धरतं तेवढं. हे तसं नव्हतं. भिंतीच्या रंगाचा डबा कोणी सांडावा तशी दाट, निळसर हिरवी साय सगळ्या पाण्यावर चढली होती, आणि वारा सुटला की ती गोठ्याच्या बाजूला जमा व्हायची. वास असा की तोंडात घास असला तर गिळवत नसे. थोरली म्हैस ते पाणी प्यायली, संध्याकाळी तिच्या तोंडाला फेस आला आणि सकाळी ती उठलीच नाही. मग काठावर पाटी लागली: पाणी पिऊ नये, जनावरांना पाजू नये. म्हशींना वाचता येत नाही, त्यामुळे पाटीचं काम म्हातारीच्या काठीला करावं लागलं.

घरात माणसं तीन. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. म्हशींचं दूध काढायचं, दही लावायचं, लोणी काढायचं आणि बाजारात विकायचं, हाच व्यवसाय. म्हातारीच्या दह्याला नाव होतं. मडकं उलटं केलं तरी दही हलत नाही, असं गिऱ्हाइकं सांगत, आणि म्हातारी कधीमधी खरंच मडकं उलटं करून दाखवायची. एका गिऱ्हाइकाच्या चपलेवर ते पडलं होतं, ती गोष्ट घरात काढायची नाही असा नियम होता.

तलाव बंद झाल्यापासून मुलगा वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून हातगाडीने पाणी आणत होता. एक म्हैस उन्हाळ्यात किती पाणी पिते, हे तिला बादलीने पाजणाऱ्यालाच ठाऊक. त्याच्या खांद्याला गाठ आली होती. रात्री सून तेल चोळायला बसली की तो आधी "नको" म्हणायचा आणि मग डोळे मिटायचा. एवढं करूनही पाणी पिण्यापुरतंच व्हायचं, डुंबायला कुठलं? म्हशींच्या कातडीला भेगा पडल्या होत्या. खांद्याचं तेल उरलं की सून ते म्हशींच्या भेगांना लावायची.

"असं पाऊसकाळापर्यंत चालणार नाही," मुलगा एकदा जेवताना म्हणाला. "मी दलालाशी बोललोय. पुढच्या मोठ्या बाजाराआधी पाणी सुधारलं तर ठीक, नाहीतर म्हशी द्यायच्या."

"नकटीसुद्धा?" म्हातारीने विचारलं.

"आई, ती काय वेगळं पाणी पिते?"

सुनेने नवऱ्याच्या ताटात गरज नसताना मीठ वाढलं.

अशात पाणीवाली आली. पाणीतपासणीच्या कचेरीतली ही तरुण बाई. किडकिडीत, चष्मा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. म्हातारीने तिला पाहताच ठरवलं की हिला घरी कोणी खायला घालत नाही, आणि वाटीभर दही पुढे केलं. दही खाता खाता पाणीवालीने आपलं काम सांगितलं. गोठ्यामागची तलावाची खाच तिने प्लास्टिकच्या पडद्याने वेगळी बंदिस्त केली होती. तिथे आधी करून बघायचं, साधलं तर पुढे सगळ्या तलावाला.

"शेवाळ मारणारे जंतू मी आणलेत, ते पाण्यात सोडायचे," ती म्हणाली. "पण शेवाळ मेलं की त्याच्या पोटातलं विष पाण्यात सुटतं. पाणी दिसायला स्वच्छ आणि प्यायला सगळ्यात वाईट, अशी वेळ येते. तेव्हा ते विष खाणारे दुसरे जंतू तयार हवेत. तेही याच तलावातले आहेत, फक्त फार थोडे. त्यांना इथे पिंपात वाढवून परत सोडायचं. वीज आणि आडोसा असलेलं जवळचं घर तुमचंच आहे."

"जंतू? माझ्या घरात?" म्हातारीने विचारलं.

"घाबरू नका आजी, दह्यात नसतात का जंतू?"

म्हातारीचा चेहरा उतरला. मुलाने तोंड फिरवून हसू दाबलं.

"माझ्या दह्यात जंतू निघाले तुला, पोरी? आणि तू ते चाटूनपुसून खाल्लंस?"

"नाही, नाही," पाणीवाली गडबडली. "जंतू नाही. विरजण! पाण्याचं विरजण समजा. तुम्हाला काय मी विरजण शिकवायचं?"

या एका शब्दाने म्हातारी विरघळली. पिंपासाठी तिने स्वतः जागा झाडून दिली. दुसरीकडे कुठे नाही, तर जिथे ती लोणी काढायची त्या खोलीत, घुसळखांबाशेजारी. पाणीवालीने बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, थोडी साखरेची मळी घातली आणि एक छोटा पंप लावला. पंपाची नळी तळाशी बुडबुडे सोडत राहिली. रोजची देखरेख सुनेकडे आली: मळी किती घालायची, फेस आला तर काय करायचं, झाकण सैल कसं ठेवायचं. सुनेने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हातारीने ऐकलं नाही. विरजणातलं तिला काय सांगायचं होतं कुणी?

चार-सहा दिवसांत पिंपाचं पाणी गढूळ झालं आणि त्याला नांगरलेल्या ओल्या मातीसारखा वास येऊ लागला. पाणीवाली खूश झाली. त्याच दिवशी म्हातारीने कोणाला न सांगता त्यातलं वाटीभर पाणी काढलं, वर दोन थेंब मळी घातली आणि शेजारच्या शिंपिणीकडे गेली. विरजण एकाच घरात ठेवायचं नाही, ही तिची जुनी सवय. आपल्याकडे बिघडलं तर शेजारी असावं.

"हे जपून ठेव," ती म्हणाली. "रोज थेंबभर मळी घाल."

"दुधात लावू का, आजी?"

"अजिबात नाही! जीव घेशील कोणाचा तरी. हे पाण्याचं आहे."

शिंपीण भली बाई. तिला काही समजलं नाही, पण आजीने दिलेली वस्तू म्हणून तिने घेतली.

मग पाणीवालीने खाचेत पहिले जंतू सोडले. हिरवी साय आधी पिवळी पडली, मग तिचे तुकडे झाले, मग ते खाली बसले. एका सकाळी मुलगा बघतो तर खाचेत तळाचे खडे दिसत होते. सगळ्या तलावात तेवढाच कोपरा नितळ. नकटीने गोठ्यातून वास घेतला आणि हंबरडा फोडला.

"आता पाजू का?" त्याने पाणीवालीला विचारलं.

"नाही हो दादा, आत्ताच तर नाही! मी म्हटलं होतं ना. सगळं विष आता सुटलंय. पिंप परवा सोडू, मग आठवडाभरात तपासू."

सगळं जमत आलं होतं. नेमका त्याच दिवशी मुलगा आणि सून वैरण आणायला नणंदेच्या गावाला गेले. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी येणार होते. "पंप चालू राहू दे हं आई," एवढं सून जाताना म्हणाली. म्हातारीने मान हलवली, पण तिच्या मनात वेगळंच होतं.

खरं सांगायचं तर, इतके दिवस तिने ते सोसलं होतं. विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नाही, हे तिच्या आईने तिला बोलता येण्याआधी शिकवलं असावं. आणि इथे ही शिकलेली पोर विरजणाला दिवसरात्र ढवळत बसली होती! लागणार कसं ते? दुपारी गार वारा सुटला. पिंपाला हात लावला तर गार लागला. म्हातारीला राहवेना. परवा हे सोडायचं, आणि अजून धड घट्टही झालेलं नाही. हे बिघडलं की नकटी गेली. तिने पंपाचं बटण बंद केलं, झाकण घट्ट बसवलं आणि स्वतःच्या अंथरुणातली गोधडी काढून पिंपाभोवती गुंडाळली. लहान मुलाला पांघरूण घालावं तशी कडा खाली खोचली. खोली शांत झाली तेव्हा तिला फार बरं वाटलं. ती पाय वाजू न देता बाहेर आली आणि पोरं परत येईपर्यंत तिने त्या खोलीकडे कोणाला फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून वैरणीचा भारा टाकून आत गेली आणि नाकाला हात लावून बाहेर आली.

"आई, पंप कोणी बंद केला?"

झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा वास घरभर पसरला. पाणी काळपट झालं होतं. पाणीवाली आली, तिने थेंबभर पाणी काचेवर घेऊन आपल्या लहानशा सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि बराच वेळ ती डोळा उचलेना.

"गुदमरून गेले," ती शेवटी म्हणाली. "यांना हवा लागते, आजी. आपल्यासारखी."

म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "विरजण म्हणालीस ना तू? मी... मी हलू दिलं नाही."

पाणीवालीने गोधडीकडे पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. तिने चष्मा काढून पुसला. "चूक माझी आहे. शब्द माझा होता."

"शब्दाने म्हशींना पाणी मिळणार आहे का?" मुलगा भडकला. खांद्याचं दुखणं, प्रवासाचा शीण, सगळं एकदम तोंडावाटे निघालं. "पुन्हा व्हायला किती दिवस?"

"कचेरीतून मुळापासून वाढवायचे तर महिना तरी."

"म्हणजे संपलं. जातो, दलालाला सांगून येतो. आई, सगळ्या जगाचं विरजण तुला कळतं, नाही का? जरा गप्प बसली असतीस तर!"

तो निघून गेला. आजवर तो आईला असं कधी बोलला नव्हता. म्हातारी खाली बसली. उभ्या आयुष्यात तिचं एक मडकं फसलं नव्हतं, आणि फसलं ते हे. सून शेजारी येऊन बसली. तिने सासूचा हात मांडीवर घेतला आणि बोटं दाबत राहिली. म्हातारी म्हणाली, "मी गोधडी घातली गं त्यांना. थंडी वाजेल म्हणून."

"माहीत आहे, आई."

"आणि मारून टाकलं."

पाणीवालीने बूट चढवले, पण तिचाही पाय निघेना. ती पायरीवर बसून राहिली. तेवढ्यात शिंपीण आली. हातात झाकलेली वाटी आणि चेहरा ओशाळलेला.

"आजी, रागावू नका," ती दारातूनच म्हणाली. "तुमचं विरजण माझ्याकडून बिघडलं बहुतेक. मांजराच्या भीतीने शिवणाच्या मशीनवर ठेवलं होतं. दुसरी जागाच नाही घरात. सध्या गणवेशांचं काम आहे, दिवसभर पायडल चालू, आणि वाटी सारखी हादरते. काल मुलींनी परातीत ओतलं, म्हणाल्या सांडत नाही, तर परातीतही ते नाचतच राहिलं; आत्ता परत वाटीत भरून आणलं. घट्ट काही झालं नाही. मळी मात्र घातली हं रोज."

सगळे वाटीकडे बघत राहिले. शिंपीण आणखी घाबरली. "एवढं महागाचं होतं का?"

पाणीवाली उठली. तिने वाटी घेतली, वास घेतला आणि पुन्हा घेतला. मग धावत सूक्ष्मदर्शकाकडे गेली.

"जिवंत आहेत," पाणीवाली म्हणाली. "आजी, भरपूर आहेत! मशीनने वाचवले यांना!"

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिने शिंपिणीला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं बाई, तुला विरजण लावता येत नाही!"

काम पहिल्यापासून सुरू झालं. वाटीतून बाटलीत, बाटलीतून बादलीत, बादलीतून घासून उकळत्या पाण्याने धुतलेल्या पिंपात. आता म्हातारीच पंपापाशी राखण करत बसायची. आवाज जरा बदलला की "अगं, श्वास कमी झाला वाटतं," असं सुनेला सांगायची. पण बाजाराआधी होईल का, हे पाणीवालीला सांगता येत नव्हतं, आणि मुलगा दलालाला शब्द देऊन आला होता. घरात तो आईशी कामापुरतं बोलायचा. लाज वाटत होती त्याला, पण ती बोलून दाखवायची कशी हे कळत नव्हतं.

दलाल यायच्या दिवशीच सकाळी वीज गेली. पंप गप्प झाला. सून धावत आली तोवर म्हातारीने कोपऱ्यातली मोठी रवी उचलली होती. लोणी काढायची, माणसाच्या उंचीची रवी. तिने ती पिंपात सोडली, घुसळखांबाला अडकवली आणि दोरी ओढायला लागली.

"आई, चालेल का हे?"

"हवाच हवी ना त्यांना? मग घे दुसरं टोक."

सासू-सुनेने घुसळायला घेतलं. पाणी घुमायला लागलं, कडेला फेस चढला. दमल्या की एक जण तांब्याने पाणी उचलून वरून ओतायची. ऊन चढलं, वीज काही आली नाही. म्हातारीचे दंड थरथरू लागले, तळहाताची साल निघाली, तरी ती दोरी सोडेना. "अहो आई, सोडा थोडा वेळ," सून म्हणत होती. "सोडलं होतं एकदा," म्हातारी म्हणाली.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. बाहेर दलालाचा टेम्पो येऊन थांबला होता आणि तो भोंगा वाजवत होता. मुलाने आईच्या तळहाताकडे पाहिलं. मग पुढे होऊन दोरी तिच्या मुठीतून काढून घेतली.

"बाजूला सर, आई."

"अरे, तो आलाय ना? तुझा शब्द..."

"त्याला सांग, आज माझे हात मोकळे नाहीत. आणि उद्याही नसतील." तो ज्या खांद्याला गाठ होती त्याच खांद्याने दोरी ओढू लागला. थोड्या वेळाने, पिंपाकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी मी फार बोललो तुला."

"बोललास," म्हातारी म्हणाली. "आता नीट घुसळ. टोक सरळ राहू दे." आणि दलालाला परत पाठवायला ती स्वतः बाहेर गेली.

संध्याकाळी वीज आली. पाणीवाली घाईघाईने पोचली तेव्हा पिंपावर हातभर फेस होता आणि ओल्या मातीचा वास दारापर्यंत येत होता. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वस्तीवर आता विरजण म्हणणार नाही."

"ताक म्हण," म्हातारी म्हणाली. "ताकाला कोणी गोधडी घालत नाही."

पिंप खाचेत ओतलं. मग वाट बघणं आलं. पाणीवाली रोज पाणी नेई आणि नाही अशी मान हलवत येई. मुलगा हातगाडी ओढत राहिला, आता शिंपिणीचा भाऊही एखादी खेप करायचा. मग एका दुपारी ती आली ती बांधावरूनच हात करत. हात करताना बूट चिखलात रुतून तिथेच राहिला.

"पाजा!" ती ओरडली. "डुंबू द्या!"

मुलाने फाटक उघडलं. बाकीच्या म्हशी उधळल्या आणि धबाधब खाचेच्या पाण्यात शिरल्या. नकटी मात्र काठापर्यंत आली आणि थांबली. तिने पाण्याकडे पाहिलं, मग म्हातारीच्या हातातल्या काठीकडे. तिचे कान मागे गेले, पाठीची कातडी थरारली. ती एक पाऊल मागे सरली.

"जा ना, येडे," म्हातारी म्हणाली. "जा, आता चांगलंय."

नकटी हलेना. मुलाने मागून ढकललं, सुनेने थोपटलं, तरी ती खुरं रोवून उभी. तिला पाणी नको म्हणून नव्हे. नाकावरचा तो रट्टा तिच्या ध्यानात होता.

म्हातारीने हातातली काठी पाहिली आणि लांब तलावात भिरकावून दिली. मग चपला काढल्या, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि ती पाण्यात उतरली. घोटा, गुडघा, कंबर. पाणी गार होतं. तिथे उभी राहून तिने दोन्ही हात पुढे केले, रिकामे, तळव्यांवरची वाळलेली साल दिसेल असे.

"ये गं," ती म्हणाली. "चुकले मी. ये."

नकटीने एक खूर पाण्यात ठेवलं. मग दुसरं. मग आली ती सगळं अंग घेऊन आली आणि तिच्या धक्क्याने म्हातारी मटकन पाण्यात बसली. काठावर सगळे ओरडले. म्हातारी गळ्यापर्यंत पाण्यात होती, आणि नकटी आपलं चपटं नाक तिच्या खांद्यावर टेकवून पाणी पीत होती.